रेव्हिटमध्ये स्कर्टिंग: मटेरियल कुठे द्यायचं, दिसणं कुठून बंद करायचं

रेव्हिट या इमारतींची मॉडेल करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये १:१०० च्या प्लॅनमध्ये भिंतीलगत जाड काळी रेघ आली, की ती बहुतेक वेळा स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीची असते. १२ मिमीची पट्टी त्या स्केलला कागदावर ०.१२ मिमी उरते आणि तिची रेघ भिंतीच्या रेघेला चिकटते. मग एकेक तुकडा निवडून ‘हाइड इन व्ह्यू’ केलं जातं. ते त्या एकाच व्ह्यूपुरतं राहतं. पुढच्या मजल्यावर पुन्हा तेच काम.

त्याऐवजी काम सुरू करतानाच मॅनेज टॅबवरून ऑब्जेक्ट स्टाइल्स उघडा आणि ‘वॉल्स’खाली ‘स्कर्टिंग’ नावाची नवी सबकॅटेगरी करा. आता वॉल स्वीपचा (भिंतीवर आडवी पट्टी काढणाऱ्या घटकाचा) टाइप डुप्लिकेट करा, उदाहरणार्थ ‘स्कर्टिंग टाइल १००’, आणि टाइप प्रॉपर्टीजमधल्या ‘सबकॅटेगरी ऑफ वॉल्स’मध्ये ती निवडा. ही पायरी राहिली तर पट्टी कॉर्निसच्या सबकॅटेगरीतच पडून राहते आणि स्कर्टिंग बंद करताना छताजवळचं मोल्डिंगही गायब होतं.

मटेरियल त्याच खिडकीत द्यायचं असतं. ते टाइपला लागतं, म्हणजे हॉलमध्ये व्हिट्रिफाइड टाइल आणि बेडरूममध्ये सागवानी पट्टी हवी असेल तर टाइप दोन लागणार, त्याला इलाज नाही. ‘बाय कॅटेगरी’ ठेवलं तर ऑब्जेक्ट स्टाइल्समध्ये सबकॅटेगरीला दिलेलं मटेरियल लागतं.

खरी फसगत मटेरियल ब्राउजरमध्ये होते. जुनं मटेरियल डुप्लिकेट करून नाव बदललं तरी त्याचा अपिअरन्स अॅसेट (रेंडरमधल्या दिसण्याची माहिती) दोघांत सामायिकच राहू शकतो. सागवानाचा रंग गडद करावा, तर ज्याच्यावरून नक्कल केली ते मटेरियलही गडद! अपिअरन्स टॅबमधल्या हाताच्या खुणेजवळचा आकडा तो अॅसेट किती ठिकाणी वापरात आहे ते सांगतो. रंगाला हात लावण्याआधी शेजारचं डुप्लिकेटचं बटण दाबा. शेडेड व्ह्यूमध्ये मात्र ग्राफिक्स टॅबमधला रंग दिसतो, म्हणून ‘रिअलिस्टिकमध्ये बदललं, इथे का नाही?’ असं वाटतं. दोन्हीकडे एकच रंग हवा तर ‘यूज रेंडर अपिअरन्स’वर खूण करा.

पट्टी बसवण्यासाठी थ्रीडी किंवा एलिव्हेशन व्ह्यू लागतो, प्लॅनमध्ये वॉल स्वीपची कमांड चालत नाही. भिंत स्लॅबपासून उभी असेल आणि वर ५० मिमी फ्लोरिंग असेल, तर ‘ऑफसेट फ्रॉम लेव्हल’ ५० ठेवा, नाहीतर १०० मिमीच्या पट्टीतली निम्मी फरशीखाली जाईल. दारापाशी पट्टी तुटण्यासाठी ‘कटेबल बाय इन्सर्ट्स’ चालू हवं. आर्किट्रेव्ह (दाराभोवतीची पट्टी) ७५ मिमी रुंद असेल तर ‘डिफॉल्ट सेटबॅक’ ७५ द्या, म्हणजे पट्टी त्याच्यात घुसत नाही. प्लास्टरशी समतल स्कर्टिंग करताना ‘कट्स वॉल’ चालू ठेवावं लागतं. एरवी ते बंदच बरं, पट्ट्या भरपूर असलेल्या मोठ्या मॉडेलचा भार हलका होतो.

आता दोन व्ह्यू टेम्प्लेट (अनेक व्ह्यूंना एकदम लावता येणाऱ्या दिसण्याच्या सेटिंग्ज) करा. १:१०० च्या टेम्प्लेटमध्ये व्हिजिबिलिटी/ग्राफिक्समधून ‘वॉल्स’ उघडून ‘स्कर्टिंग’ची खूण काढा, १:२० च्या टेम्प्लेटमध्ये ठेवा. व्हीव्ही (व्हिजिबिलिटी/ग्राफिक्सचा शॉर्टकट) दाबल्यावर खुणा करड्या दिसून बदलत नसतील, तर त्या व्ह्यूला टेम्प्लेट आधीच लागलेलं आहे आणि बदल तिथेच जाऊन करायचा. खूण असूनही पट्टी दिसत नसेल तर व्ह्यूखालच्या कंट्रोल बारवरचा बल्ब दाबून पाहा: कुणीतरी ती हातानं लपवलेली असू शकते.