परसातली खोली बांधताना आधी न्हाणीघर ठरवा
कोकणात घरामागे आईवडिलांसाठी किंवा पाहुण्यांसाठी खोली काढताय? आराखडा न्हाणीघरापासून सुरू करा. दार 3 फूट रुंद आणि बाहेर उघडणारं हवं. आत कोणी पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं आणि मदत पोचत नाही. उंबरठा नको, फरशी खरखरीत घ्या. कमोडशेजारी आधाराच्या दांडीसाठी भिंतीत काँक्रीटचा ठोकळा बांधकाम चालू असतानाच घाला, कारण नुसत्या जांभ्यात स्क्रू नीट धरत नाहीत. शोषखड्डा विहिरीपासून 60 फूट तरी लांब, उताराच्या खालच्या अंगाला. आणि पश्चिमेचं छप्पर चांगलं पुढे काढा, पावसाची झड बहुधा तिकडूनच येते.