मोहरी फुलावर, आभाळ भरलेलं: फवारणीआधी मधपेट्या सांभाळा

मध्य प्रदेशात ग्वाल्हेर, मुरैना, भिंडकडे मोहरी ऐन फुलावर आहे. आभाळ दोन-तीन दिवस भरून राहिलं आणि पूर्वेचा वारा सुटला की मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, इकडचा ‘माहू’, वाढतोच. शिवारातला हा अंदाज सहसा चुकत नाही. पण पेट्या माव्याने रिकाम्या होत नाहीत, दुपारच्या फवारणीने होतात.

दुसऱ्या दिवशी पेटीच्या दारासमोर सोंड बाहेर आलेल्या मेलेल्या माश्यांचा सडा दिसतो, काहींच्या पायांना पिवळा पराग तसाच. या मकरंद आणणाऱ्या कामकरी. अंड्यातून नवी कामकरी निघायला 21 दिवस, ती फुलांवर जायला आणखी सुमारे तीन आठवडे. तोवर मोहरी शेंगांवर आलेली असते. हंगामाचा मध तिथेच गेला.

मावा बांधाकडच्या ओळींत आधी दिसतो. ते शेंडे आत्ताच तोडून पिशवीत भरा, नष्ट करा. मावा खाणारे ढालकिडे भरपूर असतील तर चार दिवस थांबा. पुढे 5 टक्के निंबोळी अर्क. झाडामागे सरासरी 25च्या वर मावा गेला तरच डायमेथोएट 30 ईसी हे कीटकनाशक, लिटरला 1 मिली, तेही संध्याकाळी माश्या परतल्यावरच. दुकानदार इमिडाक्लोप्रिड आणि वर महागडं ‘टॉनिक’ पुढे करेल. फुलावर दोन्ही नकोत. इमिडाक्लोप्रिड झाडाच्या रसातून मकरंदात उतरतं, तिथे संध्याकाळची वेळही वाचवत नाही.

डायमेथोएटही माशीला घातकच. म्हणून मधपाळाला दोन दिवस आधी सांगा. पेट्या रात्री हलवा, किमान 3 किलोमीटर. जवळ ठेवल्या तर माश्या जुन्या जागी परततात. जमत नसेल तर फवारणीआधी दाराला जाळी लावा, वरच्या झाकणाखालीही जाळी, त्यावर ओलं गोणपाट, आत साखरेचा पाक. दुसरा दिवस बंद ठेवा, त्याहून जास्त नको. लाकडी पट्टीने दार ठोकलं तर माश्या आत उसळतात, पेटी तापते, मेण मऊ पडतं आणि सगळ्या गुदमरतात.

बाकी नेहमीचं:
- हेक्टरी 3 ते 5 पेट्या
- दोन पेट्यांत 3 फूट, दोन ओळींत 10 फूट
- मुंग्या चढू नयेत म्हणून स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या
- तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्यावरच मध काढणं
- मोहरीचा मध पोळ्यातच थिजतो, पिकल्यावर उशीर नको

शेजाऱ्यालाही विचारा. माशी बांध पाहत नाही, दोन किलोमीटरवरच्या मोहरीवरही जाते. तिथे कोण, कधी पंप पाठीवर घेणार, हे आज रात्रीच माहीत करून घ्या.