अमेरिकी न्यायालयाची बातमी कशी वाचावी

‘न्यायालयाने ट्रम्प यांचा आदेश रोखला’ आणि ‘न्यायालयाकडून ट्रम्प यांना दिलासा’ अशा दोन बातम्या एकाच प्रकरणाविषयी काही आठवड्यांच्या अंतराने येतात आणि पुष्कळदा दोन्ही खऱ्या असतात. वाचकाचा गोंधळ होतो तो कायदा फार क्लिष्ट असतो म्हणून नव्हे. कोणते न्यायालय, खटल्याचा कोणता टप्पा आणि न्यायालयापुढे नेमका कोणता प्रश्न होता, एवढ्या तीन गोष्टी बातमीत सांगायच्या राहून गेलेल्या असतात. कोण जिंकले हे पाहण्याआधी त्या शोधाव्यात. पद्धत समजावी म्हणून येथे मुख्यतः एकच प्रकरण घेतो. अमेरिकेतील अनेक मराठी कुटुंबांचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

२० जानेवारी २०२५ रोजी, शपथ घेतली त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणारा आदेश काढला. आई बेकायदा राहत असेल, किंवा कायदेशीर पण तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर १९ फेब्रुवारीनंतर अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला नागरिक मानू नये, असा त्याचा आशय होता. वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि आई एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, ही आपल्याकडील असंख्य घरांची स्थिती या व्याख्येत बसते. उलट बाजूला अमेरिकेत जन्मलेल्या आणि तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन असलेल्यांना नागरिकत्व देणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आहे, आणि सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेल्या वाँग किम आर्क यांना नागरिक ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १८९८ चा निकाल आहे. सगळा वाद घटनादुरुस्तीतील ‘तिच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन’ या अर्थाच्या शब्दांवर फिरतो. सरकारचे म्हणणे असे की, १८९८ चा निकाल तेथे कायमचे वास्तव्य असलेल्या आईवडिलांपुरताच आहे.

आता पहिली गोष्ट, न्यायालय कोणते. बातमीत ‘जिल्हा न्यायालय’ असे भाषांतर वाचले की आपल्या डोळ्यांसमोर साताऱ्याचे किंवा नाशिकचे जिल्हा न्यायालय उभे राहते, आणि त्याने देशाच्या अध्यक्षाचा आदेश कसा रोखला याचे नवल वाटते. भारतात केंद्र सरकारच्या निर्णयाला आव्हान द्यायचे तर आपण सहसा उच्च न्यायालयात जातो. अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याचे किंवा घटनेचे बहुतेक दावे सुरूच संघीय जिल्हा न्यायालयात होतात. अशी ९४ न्यायालये आहेत, त्यांच्यावर १३ अपील न्यायालये आणि शेवटी नऊ न्यायमूर्तींचे सर्वोच्च न्यायालय. तेथील जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष सिनेटच्या संमतीने करतात आणि ती तहहयात असते. त्यामुळे मराठीत ‘जिल्हा’ हा शब्द येथे दिशाभूलच करतो. ‘संघीय प्राथमिक न्यायालय’ असे मनातल्या मनात वाचलेले बरे. याखेरीज प्रत्येक राज्याची स्वतःची स्वतंत्र न्यायव्यवस्था आहे. न्यूयॉर्क राज्याच्या न्यायालयात चाललेला खटला आणि न्यूयॉर्क शहरातील संघीय न्यायालयात चाललेला खटला या दोन वेगळ्या शिड्या आहेत, आणि गोंधळ वाढवायला म्हणूनच की काय, न्यूयॉर्क राज्यातील प्राथमिक न्यायालयाचे नाव ‘सुप्रीम कोर्ट’ असे आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे टप्पा, आणि चुका सर्वांत जास्त इथेच होतात. आदेश निघाल्यानंतर तिसऱ्याच दिवशी सिॲटलचे न्यायाधीश जॉन कॉगनर यांनी तो उघडउघड घटनाबाह्य असल्याचे सांगून रोखला. परंतु तो अंतिम निकाल नव्हता. तो तात्पुरता मनाई हुकूम होता. असा हुकूम साधारणपणे १४ दिवस टिकतो आणि कारण असेल तर तेवढ्याच काळासाठी वाढवता येतो. त्यानंतर येतो अंतरिम मनाई हुकूम, जो खटला संपेपर्यंत चालू राहू शकतो. त्यासाठी न्यायाधीशाला वादी अखेरीस जिंकण्याची शक्यता, दरम्यान होणारे भरून न निघणारे नुकसान आणि सार्वजनिक हित यांचा अंदाज घ्यावा लागतो. ‘आदेश घटनाबाह्य ठरण्याची शक्यता आहे’ आणि ‘आदेश घटनाबाह्य आहे’ या दोन वाक्यांत कित्येक महिन्यांचे अंतर असते.

‘स्थगिती’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे न्यायालयाची स्थगिती म्हणजे सरकारचा निर्णय थांबला, असा अर्थ सवयीने लावला जातो. अमेरिकेच्या बातम्यांत मात्र सरकारचा निर्णय थांबवतो तो मनाई हुकूम, आणि स्थगिती दिली जाते ती बहुधा त्या मनाई हुकुमालाच. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली याचा अर्थ सरकारचे धोरण चालू राहिले, असा नेमका उलटा निघतो. आयात शुल्काचे उदाहरण पाहा. १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक कायद्याच्या आधारे लावलेले शुल्क आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने २८ मे २०२५ रोजी बेकायदा ठरवले. दुसऱ्याच दिवशी अपील न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. पुढे त्याच अपील न्यायालयाने २९ ऑगस्ट रोजी ७ विरुद्ध ४ मतांनी शुल्क बेकायदाच असल्याचे म्हटले, तरी ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद झाले तोपर्यंत वसुली थांबलेली नव्हती. ऑगस्टमध्ये भारतीय मालावर वाढवलेले शुल्कही याच कायद्याच्या आधारे होते. खालच्या न्यायालयात हरलेले सरकार सीमाशुल्क नाक्यावर मात्र पैसे घेत होते. म्हणून निकाल वाचताना ‘उद्या सकाळी काय बदलणार?’ हा प्रश्न वेगळा विचारावा.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रश्न. नागरिकत्वाच्या प्रकरणात वॉशिंग्टन राज्य, मेरीलँड आणि मॅसॅच्युसेट्स येथील न्यायाधीशांनी आदेश देशभर रोखला, तेव्हा सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. पण आदेश घटनेत बसतो का, हे त्याने विचारलेच नाही. एका न्यायाधीशाला साऱ्या देशासाठी मनाई करता येते का, एवढेच विचारले. २७ जून २०२५ रोजी न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी उत्तर दिले. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांनी लिहिले की, १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने दिलेल्या अधिकारांत असे सार्वत्रिक हुकूम बहुधा बसत नाहीत. दावा करणाऱ्यांना संरक्षण मिळेल, इतरांना मिळेलच असे नाही. नागरिकत्वाच्या मूळ प्रश्नाला निकालाने हातच लावला नाही, तरीही आपल्याकडे अनेकांनी तो ‘जन्मसिद्ध नागरिकत्व संपले’ असा वाचला.

त्याच निकालाने सामूहिक दाव्याचा, म्हणजे सारखीच झळ बसलेल्या सगळ्या वर्गाच्या वतीने काहींनी करायच्या दाव्याचा, मार्ग मोकळा ठेवला होता. १० जुलै रोजी न्यू हॅम्पशायरचे न्यायाधीश जोसेफ लॅप्लांट यांनी आदेशाचा फटका बसणाऱ्या बालकांचा एक वर्ग तात्पुरता मान्य केला आणि त्या वर्गापुरता आदेश रोखला. वर्गच देशव्यापी असल्याने परिणाम पुन्हा देशव्यापी झाला. मूळ घटनात्मक प्रश्न ऐकण्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले ते ५ डिसेंबर २०२५ रोजी, याच न्यू हॅम्पशायरच्या प्रकरणात. त्याचे नाव ‘ट्रम्प विरुद्ध बार्बरा’ असे आहे. बार्बरा हे टोपणनाव. नावांवरून एक सूचना करावीशी वाटते: सर्वोच्च न्यायालयात दाद मागणाऱ्याचे नाव आधी येते, म्हणून खाली ‘बार्बरा विरुद्ध ट्रम्प’ असलेला दावा वर गेल्यावर उलटा दिसतो. तो दुसरा खटला नसतो.

प्रश्न तपासण्याचे आणखी एक कारण आहे. अमेरिकेत आपल्यासारखी जनहित याचिका नाही. स्वतःला ठोस झळ बसली हे वादीला दाखवावे लागते. गर्भपाताच्या गोळीचे प्रकरण १३ जून २०२४ रोजी एकमताने फेटाळले गेले ते दावा करणाऱ्या डॉक्टरांना असा हक्क पोहोचत नाही म्हणून. गोळीला दिलेली परवानगी योग्य की अयोग्य, यावर न्यायालय काहीच बोलले नव्हते.

न्यायाधीश कोणी नेमला, हे बातम्यांत आवर्जून छापतात. ती माहिती निरुपयोगी नाही. जूनमधील सहा आणि तीनची विभागणी नेमणूक करणाऱ्या पक्षांप्रमाणे तंतोतंत झाली होती. पण त्याच प्रकरणात कॉगनर हे रेगन यांनी नेमलेले आणि लॅप्लांट हे धाकट्या बुश यांनी नेमलेले होते, हेही लक्षात ठेवावे. माझ्या मते न्यायाधीशापेक्षा दावा कोठे दाखल झाला हे अधिक बोलके असते. बायडेन यांच्या काळात विरोधक टेक्ससमध्ये जात, ट्रम्प यांच्या काळात मॅसॅच्युसेट्स किंवा वॉशिंग्टन राज्यात जातात. दोन्ही बाजूंचे वकील गणित तेच मांडतात.

शक्य असेल तेव्हा मूळ कागद उघडावा. सर्वोच्च न्यायालयाचे सर्व निकाल त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. आधी प्रकरणाचा क्रमांक पाहावा: त्यात आकड्यांच्या मध्ये ‘ए’ असेल, जसे जूनच्या निकालाचा क्रमांक २४ए८८४, तर तो तातडीचा अर्ज असतो. अशा अर्जांवरील आदेश पुष्कळदा एक-दोन परिच्छेदांचे, सहीविना आणि कारणांविना असतात. त्यातून कायद्याविषयी मोठे निष्कर्ष काढू नयेत. सविस्तर निकालाच्या सुरुवातीला जो सारांश असतो तो न्यायालयाच्या मताचा भाग नसतो, हे तेथेच छापलेले असते. मी आधी बहुमताच्या निकालपत्राचे शेवटचे वाक्य वाचतो: खालचा निकाल कायम केला, उलटवला, की रद्द करून फेरविचारासाठी परत पाठवला. भिन्न मताची निकालपत्रे वाचायला बहुधा अधिक रंगतदार असतात आणि समाजमाध्यमांवर फिरणारी जळजळीत वाक्ये बहुतेक तिथलीच असतात, मात्र ती कायदा नसतात. खालच्या संघीय न्यायालयांचे कागद ‘पेसर’ या सरकारी व्यवस्थेत पानाला दहा सेंट भरून मिळतात, आणि त्यांतील बरेचसे ‘कोर्टलिसनर’वर फुकट असतात.

सर्वोच्च न्यायालयाचे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि सर्वांत वादग्रस्त निकाल बहुधा जूनच्या अखेरीस लागतात. निकाल वॉशिंग्टनच्या वेळेनुसार सकाळी दहापासून जाहीर होऊ लागतात, जूनमध्ये तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. दूरचित्रवाणीवर पहिली पट्टी झळकते ती पुढच्या दोन-तीन मिनिटांत, म्हणजे शंभर पानांचे निकालपत्र कोणीही वाचून होण्याच्या पुष्कळ आधी.