रेडकॅप असो की कोबो, मास्टर चार्ट बिघडवणाऱ्या या चुका टाळा

ओपीडीत बसून साठीच्या पुढच्या माणसांना जन्मतारीख विचारायला लागलं की एक तारीख हमखास पुन्हा पुन्हा कानावर पडते: एक जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. शाळेचं तोंडच न पाहिलेले म्हणतात, "असंल की ओ साठेक." सोलापुरात वाढलेल्या कुणालाही या एक जूनचा अर्थ कळतो. सॉफ्टवेअरला कळत नाही. ते ती तारीख खरी मानतं, तिच्यावरून वय काढतं, आणि दोन वर्षांनी थिसिसमध्ये सरासरी वय दोन दशांश स्थळांपर्यंत छापून येतं.

वैद्यकीय पीजी विद्यार्थ्यांचे मास्टर चार्ट, म्हणजे अभ्यासातल्या सगळ्या रुग्णांच्या माहितीचे तक्ते, तपासायला माझ्या टेबलावर येतात. आधी सगळे एक्सेलमध्ये असायचे. आता गूगल शीट, किंवा फॉर्म बनवून माहिती गोळा करायची कोबोटूलबॉक्स (थोडक्यात कोबो), रेडकॅप असं काहीही असतं. अनेक जणांनी मिळून भरायची ही साधनं चांगलीच आहेत. पण जे बिघडलेले चार्ट मी पाहतो, त्यातले बहुतेक पहिला रुग्ण भरण्याआधीच, फॉर्म तयार करताना, बिघडलेले असतात. वयाचंच घ्या. 'वय' या रकान्याशेजारी 'वय कशावरून' हा रकाना ठेवा: दाखला, आधार, की अंदाज. आधारवरची एक जानेवारीही बऱ्याचदा सांगोवांगीच असते. एवढा एक रकाना असला तर पुढे निदान कोणतं वय खरं धरायचं ते ठरवता येतं.

"फुकट आहे, उतरवून घेतो"

रेडकॅप २००४ साली अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात तयार झालं. ना-नफा संशोधनासाठी त्याचे पैसे पडत नाहीत, हे खरं. पण ते संस्थेला मिळतं, एकट्या माणसाला नाही. संस्थेने करारावर सही करायची, स्वतःचा सर्व्हर द्यायचा, तो सांभाळायला माणूस नेमायचा. सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आराखड्यात) "डेटा रेडकॅपमध्ये गोळा केला जाईल" असं लिहून टाकायचं आणि मग आपल्याकडे ते आहे का याची चौकशी करायची, हा उलटा क्रम मी दर वर्षी पाहतो. नसेल तर कोबो किंवा त्यासारखंच ओडीके घ्या. लहान अभ्यासाला त्यात काही कमी पडत नाही.

कागदी प्रोफॉर्मा जसाच्या तसा चढवणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. कागदावर "व्यसन: हो / नाही" असतं, तेच स्क्रीनवर येतं. आता एखाद्या आजीला विचारा, व्यसन आहे का. "छे छे!" आणि रोज सकाळी मिशेरी लावतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून मिशेरी, तंबाखू-चुना, मावा, गुटखा, विडी, सिगारेट हे वेगवेगळे पर्याय हवेत. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पर्याय तरी ठेवा.)

त्यातही 'विडी' हा शब्द आपल्या गावात फसवा आहे. इथे हजारो बायका विड्या वळतात. इंटर्नने विचारलं, "विडी?" बाई म्हणाल्या, "हो, वीस वर्षं झाली." इंटर्नने धूम्रपानाला टिक केली. आमच्याकडे एका चार्टात धूम्रपान करणाऱ्या बायकांची संख्या इतकी फुगली होती की आधी आम्हाला सॉफ्टवेअरचाच संशय आला. 'विडी ओढता का' आणि 'विडी वळता का' हे दोन प्रश्न आहेत.

हे पर्याय चेकबॉक्समध्ये टाकले की दुसरी अडचण उभी राहते. रेडकॅपमधून डेटा बाहेर काढला की चेकबॉक्सच्या प्रत्येक पर्यायाचा वेगळा कॉलम होतो. टिक असेल तर १, नसेल तर ०. म्हणजे "विचारलं, काहीच नाही म्हणाले" आणि "विचारायलाच विसरलो" या दोघांचेही शून्यच येतात. एकदा ते मिसळले की वेगळे करता येत नाहीत. 'यापैकी काहीही नाही' हा पर्याय वेगळा द्या, आणि त्याला 'नन ऑफ द अबव्ह' हा ॲक्शन टॅग (रकान्याने कसं वागायचं ते सांगणारी खूण) लावा, म्हणजे तो निवडल्यावर बाकीच्या टिका राहणार नाहीत.

रिकाम्या जागेचं दुखणं चेकबॉक्सपुरतं नाही. उपाशीपोटीची साखर रिकामी आहे. का? तपासणी झाली नाही, रिपोर्ट हरवला, की रुग्ण जेवून आला होता? तिन्हींचा अर्थ वेगळा. काही जण अशा ठिकाणी ९९९ टाकतात आणि मग सरासरी काढताना ते वगळायला विसरतात. अख्खा वॉर्ड मधुमेहाने बेजार दिसायला लागतो. रेडकॅपमध्ये प्रोजेक्टसाठी 'मिसिंग डेटा कोड' आधी ठरवून ठेवता येतात, आणि आकडेमोडीत ते रिकामे धरले जातात. कोबोत शेजारी 'कारण' असा प्रश्न द्या आणि साखर रिकामी असेल तरच तो दिसेल अशी अट घाला.

कमाल-किमान मर्यादेबद्दलही एक गैरसमज आहे. हिमोग्लोबिनला ३ ते २० अशी मर्यादा घातली की चुकीचा आकडा आत येणारच नाही, असं वाटतं. रेडकॅप फक्त इशारा देतं. घाईतला माणूस इशारा बंद करून पुढे जातो आणि १२.५ चे १२५ सेव्ह होतात. म्हणून आठवड्यातून एकदा डेटा क्वालिटीचे नियम चालवून मर्यादेबाहेरचे आकडे काढा, आणि केस पेपर हाताशी असतानाच दुरुस्त करा. सहा महिन्यांनी रेकॉर्ड रूममध्ये तो केस पेपर सापडेल याची खात्री कुणी देत नाही.

मधेच कोड बदलणं

ही चूक माझी स्वतःची. व्यवसायाची यादी होती: १ यंत्रमाग, २ विडी, ३ शेतमजुरी, ४ इतर. तीसेक रुग्ण झाल्यावर लक्षात आलं की टॉवेल शिवणाऱ्या बायका 'इतर'मध्ये चालल्यात. म्हणून मी 'शिलाई' हा पर्याय मधे टाकला आणि यादी नीटनेटकी दिसावी म्हणून सगळ्यांना नवे क्रमांक दिले. आत साठवलेला असतो तो आकडा. नाव फक्त वर लावलेली पाटी. जुन्या विडीवाल्या बायका एका क्षणात शिलाईवाल्या झाल्या, आणि स्क्रीनवर एकही तक्रार आली नाही. सापडलं ते केवळ एक ओळखीचा केस पेपर हाती आला म्हणून.

नवा पर्याय टाकायचा तर त्याला शेवटचा, कधीच न वापरलेला क्रमांक द्या. दिसायला तो वर हवा असेल तर वर ठेवा. यादीचा क्रम आणि कोडचा क्रम एकच असायला हवा असं काही नाही. आणि खरे रुग्ण सुरू व्हायच्या आधी रेडकॅपमधला प्रोजेक्ट 'डेव्हलपमेंट'मधून (तयारीच्या अवस्थेतून) 'प्रॉडक्शन'मध्ये (प्रत्यक्ष वापरात) न्या. तिथे बदल आधी मसुद्यात जातो, आणि जुना डेटा बिघडणार असेल तर रेडकॅप तसं दाखवतं. माझा प्रोजेक्ट तेव्हा डेव्हलपमेंटमध्येच होता.

चाचणीच्या नोंदीही प्रॉडक्शनमध्ये हलवतानाच पुसा. चाचणी म्हणून खऱ्या रुग्णाची माहिती मुळीच भरू नका. प्रत्येक नोंदीची वेळ लॉगमध्ये राहते. तिथे एथिक्स कमिटीच्या मंजुरीआधीची तारीख दिसली तर उत्तर द्यायला अवघड जातं. औषधाची किंवा उपचाराची ट्रायल असेल तर सीटीआरआयची (ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीतली) नोंदणीही पहिल्या रुग्णाआधीच व्हायला हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी करून घेत नाहीत.

तीन भाषा, तीन फॉर्म

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, बाकी मराठी. म्हणून तीन वेगळे फॉर्म करतात, आणि शेवटी तीन डेटासेट जोडताना कळतं की एकात 'हो' म्हणजे १ आहे आणि दुसऱ्यात २. फॉर्म एकच ठेवा, भाषा बदला. रेडकॅपमध्ये त्यासाठी बहुभाषिक सोय आहे. कोबोच्या एक्सएलएसफॉर्ममध्ये (एक्सेलमध्ये लिहिलेल्या फॉर्ममध्ये) प्रत्येक भाषेच्या लेबलचा वेगळा कॉलम देता येतो. कोड सगळ्यांचे तेच राहतात.

भाषेसोबत नावंही बदलतात. एकच बाई एका ठिकाणी माहेरच्या नावाने, दुसरीकडे सासरच्या. 'लक्ष्मी' रोमनमध्ये कुणी एक्स घालून लिहितं, कुणी के-एस. फोन नंबर मुलाचा, तोच सासूबाईंचाही. ओपीडी नंबर नवा केस पेपर काढला की बदलतो. मग एकच रुग्ण दोनदा मोजला जातो. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, देशातली तशी पहिली. तसल्या नोंदणीत एक माणूस दोनदा मोजला तर आजाराचं प्रमाणच चुकतं. छोट्या थिसिसलाही तोच न्याय. अभ्यास क्रमांक तुमचा स्वतःचा द्या, नाव आणि क्रमांकाची जोडणी वेगळ्या, कुलूपबंद वहीत ठेवा, आणि नवी नोंद उघडण्याआधी नाव, गाव आणि वय मिळून शोधा.

तारखा उलटल्या, आता काय

तक्रार नेहमी अशी येते: "सर, काही रुग्ण भरती व्हायच्या आधीच डिस्चार्ज झालेत." गूगल शीटचं लोकॅल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारखा वाचायच्या ती सेटिंग) अमेरिकेचं राहिलेलं असतं. मग आपली ०५/०६ ही पाच जून तिथे सहा मे होते, आणि १३/०६ ही तारीखच न वाटल्याने मजकूर म्हणून पडून राहते. ओळखायची खूण सोपी आहे: कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे, काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात. डावीकडच्या मजकूर आहेत, उजवीकडच्यांपैकी बऱ्याच उलटलेल्या. हाताने दुरुस्त करायला बसू नका. लोकॅल भारताचं करा आणि मूळ फाइल नव्याने आत घ्या. रेडकॅपमध्ये डेटा चढवतानाही तारखेचा क्रम निवडायचा असतो, तो पर्याय वाचून निवडा.

कुणी एकच कॉलम निवडून सॉर्ट केला आणि प्रत्येकाचा रक्तदाब दुसऱ्याच्या नावावर गेला, तर शीट बंद करू नका, पुढे काही भरूही नका. 'व्हर्जन हिस्टरी'त जाऊन आधीची प्रत परत आणा.

मोबाईलवर मराठी कीबोर्ड असेल तर आकडे '१४०' असे देवनागरीत जातात. साध्या टेक्स्ट रकान्यात ते निमूट बसतात आणि आर या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये आकडा म्हणून वाचताना गळतात. रकान्याला 'नंबर' हाच प्रकार द्या. एक्सेलमध्ये मराठी मजकुराची बाराखडी विस्कटलेली दिसली तर फाइल खराब नाही. सीएसव्ही दोनदा क्लिक करून उघडू नका, 'डेटा' मेनूमधून घ्या आणि यूटीएफ-८ निवडा.

विभागाचं एकच लॉगिन

पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर. लॉगमध्ये शंभर टक्के नोंदी एकाच माणसाच्या, तो सुट्टीवर असतानाच्या सुद्धा. कुणी काय भरलं हे सांगता येणार नसेल तर त्या लॉगचा उपयोग नाही. प्रत्येकाला वेगळं खातं द्या, आणि एक्सपोर्टचा हक्क एक-दोघांनाच.

फोनमध्ये अडकलेल्या नोंदी

गावात रेंज नसते म्हणून ऑफलाइन भरतो. कोबोकलेक्ट या कोबोच्या फोनवरच्या ॲपमध्ये फॉर्म सेव्ह करणं, फायनल करणं आणि पाठवणं या वेगळ्या पायऱ्या आहेत. आशाताई म्हणतात चाळीस भरले, सर्व्हरवर एकतीस. उरलेले नऊ मसुद्यात असतात. ते निघेपर्यंत ॲप काढायचं नाही, फोन रिसेट करायचा नाही. आणि फॉर्म बदलला तर प्रत्येक फोनवर नवी आवृत्ती उतरवली का ते स्वतः बघा.

ओळख पुसताना

एक्सपोर्ट करताना ओळखीचे रकाने गाळता येतात, पण त्यांना आधी 'आयडेंटिफायर' अशी खूण केलेली असली तरच. 'शेरा' या रकान्यात कुणी लिहिलेलं "मुलगा अमुक बँकेत कॅशियर" तसंच बाहेर जातं. तारखा सरकवण्याची सोयही रेडकॅपमध्ये आहे: प्रत्येक रुग्णाच्या सगळ्या तारखा ० ते ३६४ दिवसांपर्यंत मागे जातात, त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. रुग्णालयातल्या मुक्कामाचे दिवस मोजायला हे ठीक. पण उष्माघाताचा अभ्यास करणाऱ्या एकाने तारखा सरकवण्याचा पर्याय चालू ठेवून डेटा काढला, आणि सोलापूरच्या मे महिन्यातले रुग्ण जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत कोसळलेले दिसले. ऋतूशी संबंध असेल तर तारखा सरकवण्याचा पर्याय बंद करा, महिना ठेवा, आणि तसं का केलं ते एथिक्स कमिटीला आधीच लिहून कळवा.