पहिल्या पिढीच्या एमएक्स-5ची थ्रॉटल बॉडी घरी उतरवून साफ करणे

माझदाची एमएक्स-5 ही दोन आसनी, उघड्या टपाची मोटार फेब्रुवारी 1989मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, तर जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. माझदाने भारतात कधी मोटारी विकल्या नाहीत, त्यामुळे हे लेखन मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या आणि हौसेने ही जुनी गाडी सांभाळणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. येथे विचार केला आहे तो 1.6 लिटर इंजिनाच्या, केबलने चालणाऱ्या थ्रॉटल बॉडीचा, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर आतली झडप उघडून इंजिनात हवा सोडणाऱ्या भागाचा. माझी स्वतःची गाडी त्याच प्रकारची आहे. 2005 साली आलेल्या तिसऱ्या पिढीपासून थ्रॉटल विजेच्या मोटरने उघडते आणि तिची झडप बोटाने ढकलणे धोक्याचे असते, म्हणून त्या गाड्यांना पुढील कृती जशीच्या तशी लावू नये.

पाने हाती घेण्यापूर्वी, दोष खरोखर थ्रॉटल बॉडीचाच आहे का, हे पाहावे. ॲक्सिलरेटर दाबताना सुरुवातीला पेडल चिकटल्यासारखे वाटून मग एकदम सुटणे, सिग्नलपाशी थांबताना इंजिनाचे फेरे फार खाली जाऊन ते बंद पडणे, आणि एसी किंवा हेडलाइट लावताच आयडलिंग (पेडल सोडल्यावर इंजिनाचे मंद फिरणे) डगमगणे ही थ्रॉटल बॉडीत साचलेल्या काजळीची नेहमीची लक्षणे आहेत. याउलट आयडलिंग सतत वर-खाली होत असेल, तर आधी हवेच्या रबरी नळीला गेलेली चीर शोधावी. या इंजिनात हवा मोजणारा झडपेचा मीटर एअर फिल्टरलगत असतो आणि तेथून एक लांब नळी इंजिनाच्या पुढून थ्रॉटलपर्यंत येते. या वाटेत कुठेही फट पडली, तर न मोजलेली हवा आत जाते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते. अशा गाडीची थ्रॉटल बॉडी आरशासारखी चकचकीत केली, तरी आयडलिंगमध्ये तसूभर फरक पडत नाही.

ही घाण येते ती मुख्यतः क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातून. झडपांच्या झाकणापासून निघणारी एक नळी थ्रॉटलच्या अलीकडे हवेच्या वाटेत उघडते आणि दुसरी पीसीव्ही झडपेतून (क्रँककेसमधील वायू परत इंजिनात सोडणाऱ्या झडपेतून) थेट इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमध्ये, जाते. दोन्हींतून येणारी तेलाची वाफ थ्रॉटलच्या झडपेच्या कडेवर साचते आणि भाजून काळी, चिकट रेघ तयार करते. आयडलिंगच्या वेळी झडप जवळजवळ मिटलेली असते, त्यामुळे केसाएवढ्या फटीत बसलेली ही रेघसुद्धा हवा अडवते. रेघ सर्वांत जाड असते ती इंजिनाकडील बाजूस, आणि म्हणूनच गाडीवरच समोरून स्प्रे मारून केलेली सफाई अर्धवट राहते.

काम पूर्ण थंड इंजिनावर, शक्यतो सकाळी पहिल्यांदा करावे, कारण थ्रॉटल बॉडीच्या खालून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) वाहतो. बॅटरी या गाडीत डिकीत, उजव्या बाजूला असते. तिचे ऋण टर्मिनल दहा नंबरच्या पान्याने सोडावे. साहित्यात दहा आणि बारा नंबरचे सॉकेट, एक्स्टेन्शन, पक्कड, नवे गॅस्केट (जोडातील फट बुजवणारी पातळ चकती), थ्रॉटल बॉडी क्लीनरचा डबा, मऊ टूथब्रश, नायट्राइलचे हातमोजे आणि तंतू न सुटणारी फडकी एवढे पुरते. कार्ब्युरेटरसाठीचे किंवा ब्रेकसाठीचे उग्र क्लीनर स्वस्त मिळतात, पण ते रबरी सील आणि सेन्सरच्या प्लॅस्टिकला बाधू शकतात, म्हणून मी ते वापरत नाही. स्प्रे ज्वालाग्राही असतो, तेव्हा गॅरेजचे दार उघडे असावे आणि जवळपास हीटर किंवा ठिणगी नसावी.

गाडीत बसल्यावर उजव्या हाताला इंजिनाची इनटेक बाजू येते, आणि थ्रॉटल बॉडी त्या मॅनिफोल्डच्या पुढच्या तोंडावर बसवलेली असते. प्रथम हवेच्या नळीचे क्लॅम्प सैल करून नळी बाजूला काढावी. जुने रबर ओढून काढण्यापेक्षा हलके पिळत सोडवावे. त्यानंतर केबल. ब्रॅकेटवरील दोन नटांची जागा रंगाच्या पेनाने खुणावून ठेवली, की परत बसवताना अंदाज बांधावा लागत नाही. केबल ज्या चक्रीला अडकवलेली असते ती हाताने पूर्ण उघडून केबलचे टोक खाचेतून सरकवले की ते सहज सुटते. मग झडपेची स्थिती संगणकाला कळवणाऱ्या सेन्सरचा आणि खालच्या आयडल झडपेचा (आयडलिंगपुरती हवा सोडणाऱ्या झडपेचा) असे विजेचे कनेक्टर त्यांची कळ दाबून काढावेत. तीस वर्षे उष्णता सोसलेले प्लॅस्टिक बिस्किटासारखे मोडते, म्हणून तार कधीही ओढू नये. लहान व्हॅक्यूम नळ्यांना चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात आणि मोबाइलवर दोन-तीन कोनांतून छायाचित्रे काढावीत.

कूलंटच्या दोन नळ्या सोडताना खाली भांडे ठेवावे आणि नळ्यांची तोंडे लगेच वर बांधावीत. मग सांडतो तो थोडाच. सांडलेला कूलंट मात्र तेव्हाच पुसून पाण्याने धुवावा, कारण एथिलीन ग्लायकोल चवीला गोड आणि कुत्र्या-मांजरांना जीवघेणे असते. काही हौशी मंडळी या नळ्या कायमच्या बंद करतात. 1.6च्या बाबतीत तो उद्योग करू नये. थंड इंजिनाला जादा हवा देणारी मेणाची झडप याच कूलंटच्या उष्णतेने मिटते; कूलंट तोडला तर गरम झाल्यावरही इंजिनाचे फेरे चढेच राहतात.

आता थ्रॉटल बॉडी चार ठिकाणी पकडून ठेवणारे नट-बोल्ट बारा नंबरच्या सॉकेटने, तिरक्या क्रमाने थोडेथोडे ढिले करावेत. खालचे दोन दिसत नाहीत, हाताने चाचपूनच सापडतात, आणि या कामातील निम्मा वेळ तेथेच जातो. बॉडी सुटताच मॅनिफोल्डच्या तोंडात एक मोठे, ठळक रंगाचे फडके कोंबावे. लहान चिंध्या कोंबू नयेत, कारण विसरलेली चिंधी इंजिनच गिळते.

बाकावर घेतल्यावर सफाईला पंधरा मिनिटे लागतात. संयम लागतो तो कशाकशाला हात लावायचा नाही, हे लक्षात ठेवायला. झडप तिच्या दांड्यावर धरणारे दोन स्क्रू कारखान्यात ठोकून पक्के केलेले असतात, ते सोडू नयेत. झडप किती मिटावी हे ठरवणाऱ्या थांब्याच्या स्क्रूला तर स्पर्शही करू नये. आयडलिंग वाढवण्यासाठी तो फिरवणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत त्रासदायक चूक आहे, कारण त्यानंतर सेन्सरला पेडल सोडल्याचे कळतच नाही. सेन्सरही जागेवरच राहू द्यावा, आणि क्लीनर त्याच्यावर किंवा दांड्याच्या टोकांवर थेट न मारता फडक्यावर किंवा ब्रशवर घ्यावा. बॉडी सेन्सरची बाजू वर राहील अशी धरली, तर ओघळ तिकडे जात नाही.

ब्रशने झडपेच्या दोन्ही बाजू, कडा आणि भोवतालची भिंत हलक्या हाताने घासावी, काही मिनिटे मुरू द्यावी आणि पुसावी. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर वर्ज्य. काही थ्रॉटल बॉडींच्या कडेला कारखान्यातच गडद रंगाचा पातळ लेप दिलेला असतो. तो घाण नसून फट बुजवण्यासाठी असतो, म्हणून काळे दिसेल ते सारे खरवडत सुटू नये. आयडल हवेच्या वाटेची भोकेही फडक्यावर काळे उतरणे थांबेपर्यंत साफ करावीत. खालची आयडल झडप फारच बरबटलेली असल्याशिवाय काढू नये. तिचे स्क्रू जपानी मापाचे असतात. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि डोके गोल करून टाकतो. हा धडा मी एक संध्याकाळ आणि एक ड्रिल बिट खर्चून घेतला.

जुने गॅस्केट प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढावे, कारण ॲल्युमिनियमवर पोलादी पातीचा ओरखडा पडला की तेथून हवा शिरते. फडके काढून घेऊन, नवे गॅस्केट कोरडेच, सिलिकॉन न लावता बसवावे. चारही नट-बोल्ट आधी बोटाने पूर्ण फिरतील तेवढे लावावेत आणि नंतर तिरक्या क्रमाने आवळावेत. वीस न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर पुरतो, नेमका आकडा आपल्या वर्षाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यावा. केबल जोडल्यावर तिला 1 ते 3 मिलिमीटर ढिलाई असावी, आणि दुसऱ्या माणसाला पेडल दाबायला सांगून झडप पूर्ण उघडते व खटकन परत मिटते, हे इंजिन सुरू करण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे.

पहिल्यांदा सुरू करताना उरलेल्या क्लीनरमुळे इंजिन किंचित अडखळते, थोडा धूरही दिसतो. ते पूर्ण गरम झाल्यावर दिवे, पंखा, एसी बंद ठेवून आयडलिंग तपासावे. इंजिनाशेजारच्या डायग्नोसिस लिहिलेल्या काळ्या डबीत टीईएन आणि जीएनडी ही दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली, की संगणक आयडलिंगमध्ये ढवळाढवळ थांबवतो. मग थ्रॉटल बॉडीच्या माथ्यावरील रबरी टोपणाखालचा हवेचा स्क्रू फिरवून मिनिटाला 850 फेरे जमवावेत. कडा साफ झाल्याने हवा जास्त येते, तेव्हा हा स्क्रू बहुधा आत घ्यावा लागतो. तार काढून टोपण बसवावे, नळ्यांच्या जोडांखाली कोरडा कागद ठेवून रात्रभर गाडी उभी करावी, आणि सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून जेवढा कूलंट कमी झाला असेल तेवढा भरावा.