आंबोळीचं पीठ फुगत नाही? आंबवताना होणाऱ्या या चुका टाळा

डिसेंबरातली पहाट. वहिनीने टोपावरचं झाकण काढलं आणि माजघरातूनच हाक मारली, "वन्सं, पीठ फुगूक नाय!" जाऊन पाहिलं तर पीठ रात्री होतं तिथेच, वर पाण्याचा पातळ थर. काळ्या वाटाण्याची उसळ तयार, बिडाचा तवा तापलेला, आणि आंबोळ्यांचा पत्ता नाही.

मी सिंधुदुर्गात बरीच वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. पीठ बिघडवणाऱ्या आणि उत्तरपत्रिकेत गुण घालवणाऱ्या चुका बहुतेक एकाच जागी उगवतात. टोपात काम करणारा जीव कोण, आणि तो ते काम का करतो, हेच आपल्याला माहीत नसतं. म्हणून आधी ते.

यीस्ट असो की जीवाणू, त्याची पेशी ग्लुकोज या साखरेच्या एका रेणूचे दोन तुकडे करते. त्यातून पायरुविक आम्लाचे दोन रेणू आणि एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, निव्वळ दोन रेणू मिळतात. हे करताना साखरेतून निघालेले इलेक्ट्रॉन आणि हायड्रोजन एनएडी नावाच्या वाहकावर लादले जातात. वाहक मोजकेच असतात. बंदरावर होडीतून मासळी उतरवताना पाट्या मोजक्याच असाव्यात, तसे. भरलेल्या पाट्या रिकाम्या झाल्या नाहीत तर होडी कितीही भरलेली असो, उतरवणं थांबतं. ऑक्सिजन असेल तर हा माल शेवटी त्याच्याकडे जातो आणि एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी मिळतात. ऑक्सिजनचा मार्ग नसेल तर पेशी तो माल पायरुविक आम्लावरच परत उतरवते. लॅक्टिक जीवाणूंत त्याचं लॅक्टिक आम्ल होतं. यीस्टमध्ये आधी कार्बन डायऑक्साइड सुटतो, उरलेलं अ‍ॅसिटाल्डिहाइड तो माल घेतं आणि त्याचं अल्कोहोल बनतं.

ऑक्सिजन न वापरता पाट्या रिकाम्या करण्याच्या या रीतीला किण्वन म्हणतात. म्हणजे अल्कोहोल आणि आंबटपणा या पाट्या रिकाम्या करताना उरलेल्या वस्तू आहेत. "यीस्ट अल्कोहोल तयार करण्यासाठी किण्वन करतं" हे वाक्य मी शेकडो वेळा लाल शाईने खोडलं असेल. यीस्ट जगण्यासाठी किण्वन करतं.

आंबोळी यीस्टने फुगते असं समजणं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. तांदूळ-उडदाच्या पिठातलं मुख्य काम लॅक्टिक जीवाणूंचं, त्यातही ल्युकोनोस्टॉक या गटाचं. हे जीवाणू लॅक्टिक आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतात. आंबटपणा आणि जाळी दोन्ही त्यांचीच. उडीद आणि मेथीचा चिकटपणा तो वायू धरून ठेवतो. उडीद कमी पडला तर वायू तयार होऊनही निसटतो, आणि आपण म्हणतो पीठ आंबलंच नाही. चाखून बघा. आंबट लागतंय पण फुगलं नाही, तर जीवाणूंनी काम केलंय. चूक प्रमाणात किंवा वाटण्यात आहे.

हे जीवाणू येतात कुठून? मुख्यतः उडदावरूनच. म्हणून भिजवायच्या आधी दोन पाणी धुवा. भिजून झाल्यावर पुन्हा पाचपाच वेळा खळबळून धुण्याची स्वच्छता इथे नुकसानीची आहे. भिजवलेलं पाणी थोडं राखून वाटताना वापरा. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (क्लोरीनची जंतुनाशक) पावडर टाकली असेल त्या दिवशीचं पाणी मात्र तसंच घेऊ नका. क्लोरीन जंतू मारण्यासाठीच असतो, तो तुमचे आणि परके असा भेद करत नाही. ते पाणी उकळून गार करून वापरा.

मग मिक्सर. आजीच्या रगड्यावर पीठ गार राहायचं. मिक्सरचं भांडं हाताला चांगलंच गरम लागेपर्यंत आपण फिरवत राहतो. १८९७ साली एडुआर्ट बुखनर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यीस्ट वाळूबरोबर कुटून त्याचा रस पिळून काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखर घातल्यावर बुडबुडे आले. पेशीतली विकरं (एन्झाइम) हे काम करतात, हे त्यातून सिद्ध झालं आणि १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. विकरं ही प्रथिनं आहेत आणि उष्णतेने ती बिघडतात. थांबत थांबत वाटा, गार पाणी घाला. वहिनीचं पीठ दोन कारणांनी बसलं होतं. तिने ते एका दमात वाटलं होतं, आणि वर थंडीच्या रात्री मीठ घालून ओट्याच्या गार फरशीवर ठेवलं होतं. मीठ जीवाणूंचा वेग कमी करतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रीच घातलेलं बरं, थंडीत सकाळी घाला. टोप चुलीच्या उबेला ठेवा, निखाऱ्यांना चिकटवून नको.

थंडीत बऱ्याच जणी कालचं आंबलेलं पीठ विरजणासारखं घालतात. कल्पना चांगली, पण तीन-चार दिवसांचं, दात आंबतील असं पीठ घालू नका. ल्युकोनोस्टॉक सुरुवातीचा गडी आहे. आम्ल वाढलं की तो मागे पडतो आणि जास्त आम्ल सोसणारे लॅक्टोबॅसिलस पुढे येतात. जुन्या पिठात तेच उरलेले असतात. परिणाम असा की नवं पीठ झपाट्याने आंबट होतं आणि फुगत मात्र नाही. आदल्या दिवशीचं, नुकतं फुगलेलं पीठ चमचाभर पुरतं.

सोडा घालून जाळी येते, पण ते किण्वन नव्हे. सोडा पिठातल्या आम्लाशी भिडतो, वायू सुटतो आणि चवीला हवा तो आंबटपणा कमी होतो. अडीनडीला ठीक. गुलाबी, हिरवे डाग किंवा केसाळ बुरशी दिसली तर वरचा थर काढून वापरू नका. सगळं पीठ फेका.

यीस्टला उकळतं पाणी आणि बंद बाटली

पाव करायला यीस्ट आणलं तर पाणी कोमट हवं, पस्तीस-चाळीस अंशांचं. पंचावन्न-साठच्या पुढे यीस्ट मरतं. आणि "यीस्टला हवा नकोच" हे अर्धं खरं आहे. वाढायला त्याला थोडा ऑक्सिजन लागतो, आणि साखर भरपूर असेल तर हवा असूनही ते अल्कोहोल बनवतं.

माडीबद्दल, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसाबद्दल, कळकळीने सांगते. माडाची नीरा उतरवतानाच तिच्यात यीस्ट पडलेलं असतं. मडक्याला आतून चुना लावतात तो या यीस्टला रोखायला. चुना नसेल तर काही तासांत ती फसफसते. तिच्यात लिटरमागे शंभर ग्रॅमहून जास्त साखर असते. शंभर ग्रॅम ग्लुकोज पूर्ण आंबलं तर २५ लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सुटतो. ताजी माडी काचेच्या बाटलीत घट्ट बूच लावून एसटीने मुंबईला नेणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. बाटली फुटते आणि काच डोळ्यात जाते.

माडी उघडी राहून आंबट झाली तर तिथे वेगळेच जीवाणू आलेले असतात. अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल करणाऱ्यांना ऑक्सिजन लागतोच. म्हणून व्हिनेगर करायचं तर तोंडाला फडकं बांधा. झाकण घट्ट लावलंत तर काम अडेल.

शरीराच्या बाबतीतला गैरसमज

शिमग्यात रात्रभर पालखी नाचवली की दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात. "लॅक्टिक आम्ल साचलं," असं सगळे म्हणतात. जोरात धावताना स्नायू लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) बनवतात हे खरं, पण थांबल्यावर तासाभरात ते बरंचसं निघून जातं. दुसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजांचं असतं. माणसाच्या स्नायूंत अल्कोहोल मात्र बनत नाही. ते जमतं गोल्डफिशला. बर्फाखालच्या ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात तो लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून कल्ल्यांतून बाहेर सोडतो.

आणि भाताचं बियाणं

भाताचा दाणा ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही कोंब काढतो. तेवढी ऊर्जा तो अल्कोहोली किण्वनातून मिळवतो. गव्हाला हे जमत नाही. यामुळे बियाणं पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून ठेवलं तरी चालतं असं काहींना वाटतं. कोंब निघेलही, पण मुळाला हवा लागते, ते मागेच राहतं. एक दिवस भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या, मग ओल्या गोणपाटाखाली ठेवा आणि मधूनमधून हात घालून हलवा. गोणपाट उचलल्यावर माडीसारखा वास आला तर बियाणं लगेच सुपात पसरा.