सोहोतल्या ड्रिंक्सना काय घालून जायचं?

लंडनमध्ये व्हीएफएक्सची, म्हणजे सिनेमातली दृश्यं संगणकावर घडवण्याची, नोकरी लागली, डोक्यावर छप्पर आलं, बँकेत खातं उघडलं, की महिन्याभरात नव्या मुलामुलींचा फोन येतो: "ताई, शुक्रवारी टीम ड्रिंक्स आहेत. काय घालू?"

माझ्या वेळी विचारायला कोणी नव्हतं. डोंबिवलीहून आणलेली कडक इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट आणि काळा ब्लेझर घालून मी मध्य लंडनमधल्या सोहोत, वॉर्डर स्ट्रीटजवळच्या पबमध्ये पोचले. आमच्याच लायटिंग विभागातल्या एकाने अदबीने विचारलं, "अकाउंट्सला नव्या का तुम्ही?" शेजारी विटक्या काळ्या टीशर्टातला माणूस हसला. तो आमचा सुपरवायझर निघाला.

यावरून "काहीही चालतं" असा अर्थ काढू नका. त्या टीशर्टाचा गळा सैल पडलेला नव्हता आणि पायातले बूट नीट पॉलिश केलेले होते. इथे नटायचं असतंच, फक्त नटल्याचं दिसू द्यायचं नसतं. काळा, नेव्ही, राखाडी यांत निम्मं सोहो भागतं. अंगावर बसणारी साधी जीन्स, चांगल्या कापडाचा टीशर्ट किंवा शर्ट, वर ओव्हरशर्ट, एवढं पुरे. छातीभर ब्रँडचं नाव मिरवणारा टीशर्ट घरी राहू द्या. जिममधले जाळीदार बूटही.

एखादी वस्तू मात्र खास आपली असावी. माझं खणाचं बिनबाह्यांचं जॅकेट आहे, काळ्या पोलोनेकवर (उंच गळ्याच्या स्वेटरवर) घालते. अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायचं काम तेच करतं. कोल्हापुरीही छान दिसते, आणि जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन ब्रँडने मिलानच्या रॅम्पवर तसल्याच चपला दाखवल्यापासून तर लोक तिच्याकडे वाकून बघतात. पण ओल्या फुटपाथवर ती भिजते आणि घसरते, तेव्हा आकाश बघून काय ते ठरवा.

जुन्या सिनेमाची क्रू हुडी (सिनेमाचं नाव असलेली, त्यावर काम केलेल्यांची हुडी) असेल तर बेधडक घाला, आमच्या धंद्यात ती मानाची. सिनेमा अजून प्रदर्शित व्हायचा असेल तर अजिबात नाही, गोपनीयतेचा करार आठवा.

आता हवा. डिसेंबरात चारच्या आधी अंधार पडतो, बाहेर गारठा आणि आत पब भट्टीसारखा तापलेला. आत थर्मल घालून गेलात तर बिअरआधी घामच प्याल. पातळ थर घाला, वर एकच दणकट कोट. तो काढून ठेवायला बारच्या काउंटरखाली बऱ्याच ठिकाणी हुक असतात, गुडघ्याच्या उंचीवर हाताने चाचपून बघा. जूनमध्ये उलट: रात्री नऊनंतरही उजेड, सगळे ग्लास घेऊन फुटपाथवर. ऊन उतरलं की हुडहुडी भरते, म्हणून जॅकेट सोबत हवंच.

निमंत्रणावरचे शब्द नीट वाचा. "स्मार्ट कॅज्युअल" म्हणजे वर सांगितलं तेच, फक्त जीन्स गडद रंगाची. "फॅन्सी ड्रेस" म्हणजे भारी कपडे नव्हेत, आपल्या शाळेतल्या गॅदरिंगची वेशभूषाच. एका मित्राने रेशमी कुर्ता घातला, बाकी सगळे झॉम्बी. "ब्लॅक टाय" म्हणजे डिनर जॅकेट आणि बो टाय. बाफ्टाच्या, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या, पुरस्कारांना तो थाट असतो, पण पिकॅडिलीच्या बाफ्टाच्या इमारतीत नुसतं स्क्रीनिंग असेल तर लोक ऑफिसातून स्नीकर्सवरच येतात. ब्लॅक टायसाठी खरेदी करू नका, सूट भाड्याने मिळतो. काळा बंदगळाही शोभतो, आणि साडीला तर तिथे तोड नाही. पब ड्रिंक्सना पैठणी नेसून मात्र येऊ नका, बिअर सांडते. ती डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळातल्या गणपतीसाठी ठेवा.

खर्च करायचाच तर कोटावर आणि बुटांवर करा. ऑक्टोबर ते मार्च लोकांना तुमचं तेवढंच दिसतं. पहिल्या पगारात नवा लोकरी कोट परवडत नाही. चेल्सी किंवा हॅम्पस्टेडच्या चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या वस्तू स्वस्तात विकणाऱ्या दुकानात, जा. श्रीमंत वस्तीतले लोक चांगले कोट देऊन टाकतात. अस्तर उलटून बघा, बगलेतली शिवण बघा, खिसे तपासा. माझा तसाच आणलेला कोट अकरा हिवाळे टिकलाय. वापरलेला आहे हे आईला अजून सांगितलेलं नाही.